थांबायचा हुकूम

माझ्या वडिलांचं पेन्शन सरकारनं गैरवर्तनाबद्दल रोखलं, तेव्हा ते चालू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. गैरवर्तन काय, तर एक हुकूम. लाच नाही, चोरी नाही, दारू नाही. ज्या खात्यात हप्ते खाऊन ढेऱ्या सुटलेली माणसं हारतुरे घेऊन निवृत्त होत आणि संध्याकाळी नातवंडांना बागेत फिरवत, त्या खात्याला अख्ख्या मुंबईत गैरवर्तन सापडलं ते आमच्या बाबांचं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी शाळेत नुसती पाठ केली होती. तिचा अर्थ घरी कळला.

इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना पेनचं टोक कागदात रुततं. वयानं हात जड झालाय, असं माझी सून म्हणते. म्हणू दे तिला.

बाबा पोलिसात जमादार होते, पण चौकीवरचे नव्हेत. ते भरती झालेल्या नव्या पोरांना कवायत शिकवायचे. कोकणातून, घाटावरून आलेली ती पोरं, पायात कधी बूट न घातलेली, डावं-उजवं न कळणारी. त्यांना उन्हात मैदानावर उभं करून बाबा माणसात आणायचे. ती पोरं त्यांना ‘उस्ताद’ म्हणत. बाबांचा आवाज असा, की त्यांनी खाली नळावर कुणाला हटकलं तर आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पाळण्यातलं मूल रडायचं थांबायचं. त्यांची शिकवण्याची एक रीत होती. दुसरे उस्ताद पहिल्या दिवशी चालायला शिकवत, बाबा थांबायला शिकवत. चालता चालता, पळता पळता, काठी उगारलेली असताना, कसंही असो, हुकूम कानावर पडला की पाय जमिनीला चिकटलेच पाहिजेत. यासाठी ते पोरांना रडकुंडीला आणत. घरी जेवताना म्हणायचे, “चालूक गाढवाक पण येता. थांबूक शिकवूक लागता.”

त्यांच्या पगारात घर भागत नसे, म्हणून आई खानावळ चालवायची. लालबाग-परळमध्ये बायकामुलं गावी ठेवून गिरणीत राबणारे पुरुष ढिगानं होते. ते आमच्याकडे दोन वेळा जेवायला येत. आईनं माझं सगळं लहानपण त्या चुलीपुढे घालवलं. भाताचा टोप तांब्याचा होता, दोन माणसांनी दोन कडा धरून उतरवायचा, पण आई एकटीच उतरवायची. तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते आणि उजव्या हाताचा अंगठा तर वाफेनं भाजून भाजून गुळगुळीत झाला होता. बाबांचं पेन्शन सुरू झालं त्या दिवशी तिनं खानावळ बंद केली आणि तो टोप शेजारच्या काकींना देऊन टाकला. “हो टोप आता माझ्या डोळ्यांसमोर नको,” असं म्हणाली आणि दुपारी चक्क झोपली. आई दुपारी झोपलेली मी तोवर पाहिली नव्हती.

सारी मुंबई तेव्हा पेटलेली होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज सभा, रोज मोर्चे. आमच्या चाळीत शाहिरांचे पोवाडे, भिंतींवर डांबरानं लिहिलेल्या घोषणा. मी मॅट्रिक होऊन घरात बसले होते आणि मैत्रिणींबरोबर चोरून दादरच्या सभांना जायचे. चोरून, कारण बाबांना चळवळ मुळीच मान्य नव्हती. मुंबई महाराष्ट्राला मिळावी असं त्यांना वाटायचं, पण रस्त्यावर ओरडणारे सगळे त्यांच्या लेखी उंडगे. “मोर्च्यात दिसलंस तर तंगडी मोडून ठेवीन,” असं त्यांनी मला बजावलं होतं. सरकारनं गैरवर्तनाबद्दल ज्याला धरलं, तो माणूस हा.

आमची गल्ली तोंडाशी रुंद आणि आत बंद. शेवटाला चाळ, चाळीपुढे नळ आणि नळामागे गोदामाची उंच भिंत. नवख्या माणसाला ते कळायचं नाही. त्या दुपारी मोठ्या रस्त्यावर मोर्चा अडवला, लाठ्या सुरू झाल्या, आणि बिचकलेला जमाव वाट दिसेल तिकडे पळताना आमच्या गल्लीत शिरला. पुढे भिंत. परत फिरावं तर मागून शिपायांची रांग लाठ्या उगारून पळत येत होती. नळाला पाणी आलेलं, त्यामुळे बायका कळशा घेऊन तिथंच. त्यांच्या कडेवर पोरं. सगळे एकमेकांवर चेंगरले होते. मी गॅलरीतून बघत होते आणि ओरडत होते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

बाबा जिन्यावरून कधी उतरले ते मला दिसलं नाही. दिसले तेव्हा गल्लीच्या मधोमध उभे होते, अंगात गंजीफ्रॉक आणि पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, पायात काही नाही. ते छाती काढून ताठ झाले आणि त्यांनी मैदानावरचा आवाज लावला.

“स्कॉऽऽड! हाल्ट!”

आणि ती रांग थांबली. लाठ्या वर, तोंडं उघडी, पाय जमिनीला चिकटलेले. त्यांना स्वतःलाही कळलं नाही आपण का थांबलो ते. त्यातली अर्धीअधिक पोरं बाबांच्या हाताखालून गेलेली होती आणि उरलेली त्यांना बघून थांबली. त्यांचा साहेब मागून शिव्या देत पुढे येईपर्यंत चाळीतल्या माणसांनी खालच्या मजल्यावरची दारं उघडली आणि बायका, पोरं, मोर्च्यातली माणसं, सगळ्यांना आत ओढलं. साहेब पोहोचला तेव्हा गल्लीत फक्त बाबा उभे होते आणि पालथ्या पडलेल्या कळशा.

एवढंच. एवढ्यासाठी सगळं झालं.

त्यातला एक शिपाई पुढच्या रविवारी साध्या कपड्यात घरी आला. त्याची बढती अडकवली होती. तो बाबांच्या पाया पडून म्हणाला, “उस्ताद, पाय आपोआप थांबले बघा.” बाबा त्याच्यावरच खेकसले, “आपोआप काय? डावा पाय मागाहून आला तुझा. मी बघत होतो.” तो हसायला लागला आणि मग रडायला लागला. आईनं त्याला जेवू घालूनच पाठवलं.

महिना उलटायच्या आत सरकारी लखोटा आला. निवृत्त कर्मचाऱ्याचं पुढचं वर्तनही चांगलं असावं, ही पेन्शनची अट असते म्हणे. बंदोबस्तावरच्या शिपायांना अधिकार नसताना हुकूम देऊन कर्तव्यापासून परावृत्त करणं हे गैरवर्तन होय, सबब पेन्शन का रोखू नये ते समक्ष येऊन सांगावं. सांगायला बोलावण्याआधीच त्या महिन्याचं पेन्शन थांबलं होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे सरकारला कुणी शिकवावं लागत नाही.

कोटातल्या, म्हणजे फोर्टमधल्या, कचेरीत चौकशी झाली. सोबत मी आणि गिरगावातला मामा. मामा आईचा धाकटा भाऊ, सॉलिसिटरकडे कारकून, गिरगावातल्या वाडीत राहून जीभ अगदी घासूनपुसून स्वच्छ केलेला. बाबा इस्त्रीचा कोट घालून, खुर्ची दिलेली असताना उभे राहिले. साहेबांनी विचारलं, हुकूम तुम्ही दिलात का? दिला. तसा अधिकार होता का? नव्हता. मग का दिलात? बाबा म्हणाले, “समोर बायका होत्या, साहेब. मागं भिंत होती.”

साहेबांनी मामाकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, आणि याचाच मला जास्त संताप येतो. वाईट माणसाला निदान शिव्या घालता येतात. ते म्हणाले, वाट एकच आहे. वयामुळे यांचं डोकं ताळ्यावर नाही असं डॉक्टरनं सांगितलं, तर हे गैरवर्तन ठरणार नाही. पेन्शन चालू राहील.

मामाचा चेहरा एकदम उजळला. बाहेर जिन्यातच त्यानं बाबांना गाठलं. “भावोजी, साहेबांनी सोन्यासारखी पळवाट दिलीय. एक डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे. कागदावर चार ओळी, संपलं.”

बाबा जिन्यात थांबले. “मी हुकूम दिलंय तो शुद्धीत दिलंय,” ते म्हणाले. “शिक्षा होऊदे. चुकलंय तर शिक्षा घेईन. पण येडो म्हणवून घेवचंय नाय.”

पेन्शन रोखलं गेलं. बाबांनी ती शिक्षा मानून घेतली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना शिक्षा दिल्या होत्या, उन्हात फेऱ्या मारायला लावल्या होत्या. आता आपली पाळी, असा त्यांचा सरळ हिशेब. फक्त त्या हिशेबात एक गोष्ट त्यांनी धरलीच नव्हती. ती एका संध्याकाळी आईनं सांगितली, भांडून नव्हे, पदरानं हात पुसत. “शिक्षा तुमका खंय झाली? शिक्षा माका झाली.” शेजारच्या काकींकडून तिनं तो टोप मागून आणला होता. दिलेली वस्तू परत मागायची, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. काकी चांगल्या, त्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. चूल पुन्हा पेटली. मी कांदे चिरू लागले, बांगडे साफ करू लागले, आणि पुढच्या शिक्षणाचं नाव घरात कुणी काढेना.

चाळीला बाबांचा भारी अभिमान. त्यांना नाक्यावर बोलावून शाल-नारळ दिला. चळवळीतले एक मोठे पुढारी आले होते, त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन भाषण ठोकलं. मी पुढे घुसून त्यांना पेन्शनचं सांगितलं. “आपलं राज्य येऊ द्या, सगळ्यात आधी तुमच्या वडिलांची फाइल,” असं म्हणून ते मोटारीत बसले. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी. आमच्याकडे खरा भात शिजत होता आणि तो आईच्या हातांना भाजत होता. त्या शालीचं काय करायचं, म्हणून आईनं ती टोप उतरवायला घेतली. मला फार बरं वाटलं.

मामा अधूनमधून यायचा. एकदा त्याच्याबरोबर एक गृहस्थ आले, मामाचे मित्र, चष्मेवाले, गोडबोले. चहा घेता घेता त्यांनी बाबांना इकडचं तिकडचं विचारलं. आज वार कुठला, गाव कुठलं, झोप लागते का. बाबांना पाहुण्याचं अगत्य फार. त्यांनी कवायतीचे किस्से सांगितले आणि पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून भर खोलीत उठून हुकूम देऊन दाखवला. पाहुणे दचकले, मग मान डोलावत हसले. मी चहाच्या कपबश्या उचलल्या. आई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळलीच नाही.

पुढे महाराष्ट्र झाला. आमच्या गल्लीत रोषणाई झाली, पेढे वाटले, बाबांनीही एक खाल्ला. आणि काही महिन्यांनी मामा हसत हसत वर आला. पेन्शन चालू झालं! गैरवर्तनाचा शेरा काढला! पहिल्या तारखेला कचेरीत जाऊन घ्यायचं!

बाबांचा चेहरा तसा फुललेला मी त्या दिवशी पाहिला तो शेवटचा. ते खुर्चीतून उठले, बसले, परत उठले. “आपला राज्य इला, बाय,” मला म्हणाले. “आपल्या माणसांका कळला.” त्यांनी मामाला मिठी मारली. मामानं ती मारू दिली. आईनं खानावळीतल्या माणसांना सांगितलं, आता दुसरीकडे बघा. पहिल्या तारखेला सकाळी तिनं टोप चिंचेनं घासून लख्ख केला आणि काकींच्या दारात नेऊन ठेवला.

बाबांनी तोच कोट घातला. मी सोबत गेले. खिडकीमागचा कारकून तरुण होता, मराठी, सभ्य. त्यानं बाबांना बाकावर बसवलं आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्यानं विचारलं, “कसं वाटतंय आता, आजोबा? बरं वाटतंय ना?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “आजी नाही आल्या? त्यांच्याशिवाय देता येणार नाही. पैसे त्यांच्या अंगठ्यावर द्यायचे आहेत.”

मी म्हटलं, पेन्शन यांचं, अंगठा तिचा कशाला?

त्यानं आवाज खाली आणला. “यांच्या डोक्याचं आहे ना... डॉक्टरांनी लिहून दिलंय. अशा पेन्शनरच्या हातात पैसे देत नाहीत. पत्नीचा अर्ज आहे, त्यांनीच अंगठा दिलाय. काळजी करू नका, गैरवर्तनाचं सगळं काढून टाकलंय. शुद्धीत नसलेल्या माणसाचं ते धरत नाहीत.”

त्यानं आवाज खाली आणला खरा, पण बाबांचे कान तीस वर्षं मैदानाच्या दुसऱ्या टोकाचा चुकलेला पाय ऐकत होते. त्यांनी सगळं ऐकलं.

मी खिडकीच्या फळीवर हात आपटला. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. कचेरी गोळा झाली. मामा, तो चष्मेवाला, मोटारीत बसलेला पुढारी, जुनं सरकार, नवं सरकार, सगळ्यांचा मी तिथं उद्धार केला. कामापुरता मामा म्हणतात, आमच्या मामानं तर काम करूनच आमचा गळा कापला. ज्या सरकारनं आमच्या बायकापोरांवर लाठ्या धाडल्या, ते गेलं. जे आमच्या रक्तावर आलं, त्यालाही शहाण्या माणसाचा हुकूम पचला नाही. वेडा असशील तर घे, शहाणा असशील तर उपाशी मर. मी हे आजही म्हणते, आणि आज मला कुणी गप बस म्हणणारं नाही.

त्या दिवशी बाबा म्हणाले. “गप.” हळू म्हणाले. मग उठले, टाचा जुळवल्या, वळले आणि चालायला लागले.

बस होती, ट्राम होती, पण ते कोटापासून लालबागपर्यंत चालत आले. मी मागे. सगळ्या वाटेत माझ्या मनात एकच, आईला आज फाडून खायची. मी शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. मग भायखळ्याचा पूल उतरताना मला आईचा तो गुळगुळीत अंगठा डोळ्यांसमोर आला. त्याचा ठसा तरी कसा उमटला असेल? कुणी धरून दाबला असेल, मामानंच. आणि माझे सगळे शब्द पचपचीत झाले. राग गेला नाही. राग जायला जागाच उरली नाही.

आई दारात उभी होती. आमची तोंडं बघून तिला कळलं. ती भिंतीला टेकली आणि खाली बसली. मार बसणार अशी वाट बघत बसावं, तशी. बाबांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, पण त्या दिवशी तिनं तो खुशाल सोसला असता.

बाबांनी कोट काढून खुंटीला लावला. चुलीकडे बघितलं. “टोप खंय?”

“दिलंय,” आई म्हणाली.

बाबा बाहेर गेले, काकींच्या दारातून टोप उचलला आणि एकट्यानं छातीशी धरून आत आणला. स्वयंपाकघरातली वस्तू त्यांच्या हातात मी जन्मात पहिल्यांदा बघितली. टोप त्यांनी चुलीवर ठेवला, वाकडा होता तो सरळ केला.

“उद्या किती पानां?” त्यांनी विचारलं.

आईला रडू आवरेना. तिनं मान हलवली. एकही नाही. सगळ्यांना दुसरीकडे पाठवलं होतं, आज सकाळीच.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. बाबांनी खुंटीवरचा कोट परत घातला, बटणं लावली आणि खाली उतरले. मी गॅलरीत धावले. गल्लीच्या तोंडाशी पाळी सुटलेली माणसं लोंढ्यानं चालली होती, केसांत कापूस, खांद्यावर शर्ट, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. त्यातच आमचे जेवणारेही होते, नव्या खानावळीकडे निघालेले. बाबा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, त्या दिवशी उभे होते तसे, छाती काढून.

“हाऽऽल्ट!”

सगळा लोंढा थांबला. सायकलवाले उतरले. कडेला बंदोबस्ताचा एक शिपाई होता, त्याच्याही टाचा जुळल्या.

“उद्यापासून जेवाण चालू,” बाबा म्हणाले. “होती तीच खानावळ. कोणी खंय जावचा नाय.”